पक्ष्यांच्या वाटेचा नकाशा: डिजिटल तंत्रज्ञान स्थलांतरित पक्ष्यांना कसं वाचवतं?

अमूर ससाणा हा कबुतराहूनही हलका शिकारी पक्षी. वजन साधारण १५० ग्रॅम. उन्हाळ्यात तो सैबेरियाचा आग्नेय भाग, मंगोलिया आणि उत्तर चीनमध्ये पिल्लं वाढवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य भारतात काही दिवस थांबतो आणि मग अख्खा भारत व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिण भागात जातो. जाऊन-येऊन हा प्रवास २० हजार किलोमीटरहून जास्त भरतो.

आता प्रश्न असा की या पक्ष्याला वाचवायचं, तर नेमकं कुठे वाचवायचं? मंगोलियात? नागालँडमध्ये? की दक्षिण आफ्रिकेत? वाघासाठी जंगलाभोवती सीमा आखता येते. पण स्थलांतरित पक्ष्याचं घर म्हणजे एक लांबलचक वाट असते. त्या वाटेवरचा एक मुक्काम जरी उद्ध्वस्त झाला, तरी बाकीच्या देशांनी केलेली मेहनत वाया जाऊ शकते. म्हणूनच गेल्या तीस वर्षांत पक्षी संवर्धनाच्या कामात डिजिटल नकाशांना इतकं महत्त्व आलं आहे. हे नकाशे कसे तयार होतात, त्यांनी आजवर नेमकं काय साधलं आणि ते कुठे फसवू शकतात, हे समजून घेऊ.

पूर्वी पक्ष्यांची वाट कशी शोधत?

पक्ष्याच्या पायात धातूचं हलकं कडं घालायचं, त्यावर क्रमांक आणि संस्थेचं नाव कोरायचं आणि पक्षी सोडून द्यायचा, ही जुनी पद्धत. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने म्हणजे बीएनएचएसने डॉ. सलीम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर हे काम हाती घेतलं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, कारण पक्ष्यांमार्फत काही रोग देशोदेशी पसरतात का, हे तपासायचं होतं.

या पद्धतीतून मोलाची माहिती मिळाली, पण तिची एक मोठी अडचण होती. कडं घातलेला पक्षी पुन्हा कुणाच्या तरी हाती लागावा लागतो, आणि त्या माणसाने ते कळवावं लागतं. हजारो कड्यांमागे मोजक्याच नोंदी परत येतात. त्यातूनही प्रवासाची फक्त दोन टोकं कळतात. मधली वाट, मधले मुक्काम आणि मधले धोके अंधारातच राहतात.

मग डिजिटल नकाशा कशातून तयार होतो?

आजचा नकाशा साधारण चार प्रकारच्या माहितीतून उभा राहतो.

१. टॅग: पक्ष्याच्या पाठीवर लहानशा पिशवीसारखा बसणारा ट्रान्समीटर. बहुतेक टॅगवर छोटं सौर पॅनेल असतं. काही टॅग थेट उपग्रहाकडे सिग्नल पाठवतात. यासाठी १९७८ पासून चालू असलेली ‘आर्गोस’ ही उपग्रह यंत्रणा वापरली जाते. दुसऱ्या प्रकारचे टॅग जीपीएसने आपली जागा नोंदवतात आणि मोबाइल टॉवरच्या टप्प्यात आले की साठवलेली माहिती पाठवून देतात. समुद्रावरून उडताना टॉवर नसतो, तेव्हा नोंदी टॅगमध्येच साठून राहतात. टॅगचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्यामुळे अगदी लहान पक्ष्यांवर हे टॅग लावता येत नाहीत. त्यांच्यासाठी एक ग्रॅमपेक्षाही हलकी यंत्रं आहेत. ती दिवस-रात्रीचा उजेड नोंदवतात आणि त्यावरून जागेचा अंदाज बांधला जातो. पण ती माहिती मिळवायला पक्षी पुन्हा पकडावा लागतो.

२. पक्षी पाहणाऱ्यांच्या नोंदी: अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑड्यूबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये ‘ई-बर्ड’ सुरू केलं. जगभरातले हौशी पक्षी निरीक्षक त्यावर कुठे, कधी, किती वेळ आणि कोणते पक्षी पाहिले, हे नोंदवतात. २०२१ मध्ये या नोंदींनी १०० कोटींचा टप्पा ओलांडला.

३. उपग्रह छायाचित्रं: पक्षी कुठे आहे हे टॅग सांगतो, पण तिथे पाणी आहे की सिमेंट, हे उपग्रहाच्या छायाचित्रातून कळतं. एकाच जागेची जुनी आणि नवी छायाचित्रं शेजारी ठेवली, की पाणथळ जागा किती आक्रसली, हेही दिसतं.

४. हवामान रडार: पावसाचे ढग पाहण्यासाठी उभारलेल्या रडारवर रात्री उडणारे पक्ष्यांचे थवेही दिसतात. बरेचसे लहान पक्षी रात्रीच प्रवास करतात, त्यामुळे ही माहिती इतर मार्गांनी सहजासहजी मिळत नाही.

ही सगळी माहिती जीआयएस नावाच्या संगणकीय प्रणालीत एकावर एक थर ठेवावेत तशी मांडली जाते. एका थरात पक्ष्यांचे ठिपके, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात शेती, चौथ्यात वीजवाहिन्या, पाचव्यात गावांच्या हद्दी. थर जुळवले की नुसत्या ठिपक्यांतून दिसत नव्हतं ते दिसू लागतं. पक्षी जिथे थांबतो ती जमीन कुणाच्या ताब्यात आहे, तो तिथे वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत असतो आणि त्याच आठवड्यांत तिथे आणखी काय चालू असतं, हे सगळं एका पडद्यावर येतं.

अर्जेंटिनाच्या शेतात काय सापडलं?

नकाशामुळे पक्षी वाचल्याचं सर्वात ठळक जुनं उदाहरण अमेरिका खंडातलं आहे. स्वेन्सन्स हॉक हा शिकारी पक्षी उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातो. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना दिसलं की दरवर्षी परत येणाऱ्या पक्ष्यांची संख्या घटते आहे. वीण तर व्यवस्थित होत होती. मग पक्षी जात कुठे होते?

काही पक्ष्यांवर उपग्रह टॅग लावले गेले. त्यांचे सिग्नल अर्जेंटिनाच्या ला पाम्पा भागात जाऊन थांबले. संशोधक १९९५ च्या सुरुवातीला तिथे पोहोचले, तेव्हा शेतांत आणि झाडांखाली मेलेल्या पक्ष्यांचा खच पडला होता. पुढच्याच हंगामात हजारो मृत पक्षी मोजले गेले आणि एकूण आकडा २० हजारांच्या घरात असावा, असा अंदाज मांडला गेला. कारण होतं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक. शेतकरी नाकतोड्यांवर ते फवारत होते आणि हे पक्षी नाकतोड्यांवरच जगत होते.

महाराष्ट्राला हे नाव नवं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा होऊन अनेकांचा जीव गेला, तेव्हा चर्चेत आलेल्या कीटकनाशकांमध्ये मोनोक्रोटोफॉसही होतं.

अर्जेंटिनात पुढे या औषधाचा वापर थांबवण्यात आला, शेतकऱ्यांना पर्याय दिले गेले आणि असे सामूहिक मृत्यू थांबले. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कॅलिफोर्नियात बसून कितीही घरटी राखली असती, तरी हा प्रश्न सुटला नसता. दुखणं हजारो किलोमीटर दूर होतं आणि ते कुठे आहे, हे नकाशाने दाखवलं.

नागालँडमधल्या तीन ससाण्यांनी काय बदललं?

आता पुन्हा अमूर ससाण्याकडे वळू. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाचा जलाशय आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथे हे ससाणे लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ मध्ये काही पत्रकार आणि पक्षी अभ्यासकांनी इथल्या शिकारीचं चित्रण जगासमोर आणलं. मासेमारीची जाळी उंचावर बांधून रोज हजारो पक्षी पकडले जात होते. त्या एका हंगामात सव्वा लाखांच्या आसपास ससाणे मारले गेल्याचा अंदाज होता.

वर्षभरात चित्र पालटलं. गावपंचायती, चर्च, स्वयंसेवी संस्था आणि वन विभाग एकत्र आले. पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकारीवर बंदी घातली. २०१३ च्या हंगामात जाळी लागलीच नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या आणि हंगेरीच्या तज्ज्ञांनी तीन ससाण्यांवर जेमतेम ५ ग्रॅम वजनाचे सौर टॅग लावले. पक्ष्यांना नावं दिली गेली नागा, वोखा आणि पांगती. पुढचे काही दिवस नकाशावर त्यांचे ठिपके सरकत राहिले: ईशान्य भारत, बंगालचा उपसागर, भारतीय द्वीपकल्प आणि मग थेट अरबी समुद्र. या समुद्रावर थांबायला जागा नाही. सुमारे तीन हजार किलोमीटरचं हे अंतर पक्ष्यांनी न थांबता कापलं आणि ते सोमालियाच्या किनाऱ्यावर पोहोचले. या काळात ईशान्येकडून वाहणारे वारे त्यांना पाठबळ देतात. याच सुमारास लाखो चतुरही समुद्र ओलांडतात आणि ससाण्यांना वाटेत तेच खाद्य मिळत असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

या नकाशाचा विज्ञानाइतकाच परिणाम गावावर झाला. आपल्या गावाचं नाव घेतलेला पक्षी आफ्रिकेत पोहोचला, ही बातमी पांगतीत पोहोचत होती. पूर्वी जो पक्षी जाळ्यात अडकणारं मांस होता, तो आता ओळखीचा पाहुणा झाला. काही माजी शिकाऱ्यांनी पुढे येऊन ससाण्यांच्या रातथाऱ्याची राखण करणारी संघटना उभी केली. पुढच्या वर्षी टॅग लावलेले ससाणे पुन्हा ईशान्य भारतात परतले, तेव्हा तर या नात्यावर शिक्कामोर्तबच झालं.

मात्र बंदी नकाशामुळे आली नाही, हेही नीट लक्षात ठेवायला हवं. शिकार आधी थांबली, टॅग नंतर लागले. बंदी गावाने केली. नकाशाने ती टिकवायला बळ दिलं. शेजारच्या मणिपूरमध्ये तामेंगलाँग जिल्ह्यातही पुढे असेच टॅग लावले गेले. तिथे २०१८ मध्ये ‘मणिपूर’ नावाचा एक ससाणा टॅग लावल्यावर काही दिवसांतच मेलेला सापडला. टॅग होता म्हणूनच तो मृत्यू उजेडात आला आणि काम संपलेलं नाही, हेही कळलं.

महाराष्ट्रातल्या पक्षी निरीक्षकांनाही हा ससाणा अनोळखी नाही. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास लोणावळ्याच्या आसपास तो काही दिवस दिसतो आणि तो पाहायला कॅमेरे घेऊन गर्दी होते.

नकाशा पाहून शेत भाड्याने घेता येतं का?

येतं, आणि हा प्रयोग कॅलिफोर्नियात यशस्वी झाला आहे. तिथल्या सेंट्रल व्हॅलीतल्या ९० टक्क्यांहून अधिक नैसर्गिक पाणथळ जागा शेती आणि वस्तीखाली गेल्या. पण अलास्का ते दक्षिण अमेरिका अशा प्रवासातले लाखो चिखलपक्षी आजही तिथेच विसावा शोधतात. त्या सगळ्या जमिनी विकत घेऊन अभयारण्य करणं खर्चाच्या दृष्टीने अशक्य होतं.

‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या संस्थेने वेगळा विचार केला. पक्ष्यांना ती जमीन वर्षभर लागतच नाही, लागते फक्त काही आठवडे. मग तेवढ्यापुरती भाड्याने घेतली तर? त्यासाठी दोन नकाशे एकमेकांवर ठेवले गेले. पहिला ई-बर्डच्या नोंदींतून केलेला. कोणत्या आठवड्यात कोणत्या भागात चिखलपक्षी असतील, याचा अंदाज त्यात होता. दुसरा उपग्रह छायाचित्रांवरून केलेला, त्याच आठवड्यांत पाणी कुठे असतं ते दाखवणारा. पक्षी येणार आहेत पण पाणी नाही, अशा जागा आणि असे आठवडे लगेच नजरेत भरले.

मग २०१४ पासून भातशेती करणाऱ्यांसाठी उलटा लिलाव सुरू झाला. कापणीनंतर तिथले अनेक शेतकरी धसकटं कुजवण्यासाठी शेतात पाणी सोडतातच. ते पाणी आणखी काही आठवडे, वीतभरापेक्षाही कमी खोलीचं, ठेवायला किती पैसे घ्याल, असं त्यांना विचारलं गेलं. ज्यांची बोली परवडणारी आणि ज्यांचं शेत पक्ष्यांच्या दृष्टीने मोक्याचं, त्यांच्याशी करार झाला. या योजनेला ‘बर्ड रिटर्न्स’ असं नाव आहे.

अभ्यासात दिसलं की करार केलेल्या शेतांत बाकीच्या शेतांपेक्षा पक्ष्यांची संख्या आणि विविधता कितीतरी पटींनी जास्त होती. शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहिली, पीक बुडालं नाही आणि वर चार पैसे मिळाले. दुष्काळाच्या वर्षी जास्त शेतं घ्यायची, पाऊस चांगला झाला तर कमी घ्यायची, अशी लवचीकताही मिळाली. कुंपण घातलेल्या अभयारण्यात ही सोय नसते.

समुद्रकिनाऱ्यांच्या बाबतीत नकाशाने काय दाखवलं?

बार-टेल्ड गॉडविट हा लांब चोचीचा किनारी पक्षी न थांबता उडण्यात विक्रमवीर मानला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये टॅग लावलेल्या, जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटरचं अंतर ११ दिवसांत एका दमात कापलं.

पण उत्तरेकडे परत जाताना हेच पक्षी चीन आणि कोरिया यांच्यामधल्या पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर उतरतात आणि पोटभर खाऊन पुढची मजल गाठतात. टॅगमुळे या मुक्कामाचं महत्त्व समजलं, आणि जुने नकाशे व उपग्रह छायाचित्रं ताडून पाहिल्यावर दुसरी गोष्ट कळली. गेल्या अर्धशतकात इथले जवळपास दोन तृतीयांश चिखलपट्टे भराव आणि बांधकामामुळे नाहीसे झाले होते. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र आल्यावर आंतरराष्ट्रीय दबाव वाढला. २०१८ मध्ये चीनने व्यावसायिक कारणांसाठी किनाऱ्यावर भराव घालण्यावर कडक निर्बंध आणले आणि २०१९ मध्ये पीत समुद्राच्या किनाऱ्याचा एक भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा नकाशा काय सांगतो?

दर हिवाळ्यात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मधल्या खाडीत हजारो फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने इथलं १,६९० हेक्टर क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला.

त्याच वर्षी बीएनएचएसने सहा फ्लेमिंगोंवर जीपीएस टॅग लावले. सलीम, हुमायून, मॅककॅन, लेस्टर, खेंगार आणि नवी मुंबई अशी त्यांची नावं. त्यांतले काही पक्षी गुजरातमध्ये भावनगरच्या किनाऱ्याकडे गेल्याचं दिसलं, म्हणजे मुंबईची खाडी आणि गुजरातचा किनारा एकाच साखळीच्या कड्या आहेत.

पण शहराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अगदी जवळच्या हालचालींत आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे खातात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो. मग पक्ष्यांना उभं राहायला उथळ पाणी लागतं आणि ते नवी मुंबईतल्या लहान लहान पाणथळ जागांकडे उडतात. ओहोटी लागली की परत खाडीत. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे ही ये-जा रोजचीच.

आता अडचण अशी, की खाडी अभयारण्यात आहे, पण भरतीच्या वेळच्या या पाणथळ जागा त्या हद्दीच्या बाहेर आहेत. सरकारी आराखड्यात ती एक मोकळी जमीन असते. पक्ष्याच्या नकाशात मात्र ती खाडीचाच भाग असते. भरतीची जागा गेली, तर ओहोटीची जागा असून उपयोग नाही.

नेरूळमधला डीपीएस तलाव याचं उदाहरण. २०२४ च्या उन्हाळ्यात या तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बंद झाली, तलाव आटला आणि परिसरात जखमी व मृत फ्लेमिंगो आढळले. नागरिक आणि पर्यावरण संस्थांनी पाठपुरावा केला. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचा हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्याला मंजुरी दिली. मे २०२४ मध्ये घाटकोपर परिसरात फ्लेमिंगोंचा थवा एका प्रवासी विमानाला धडकून जवळपास ४० पक्षी मेले होते. पक्षी कोणत्या वेळी, कोणत्या उंचीवरून आणि कुठून कुठे उडतात, याची माहिती विमानांच्या सुरक्षेसाठीही किती गरजेची आहे, हे त्या रात्री दिसून आलं.

प्रकल्प उभारण्याआधीच नकाशा वापरता येतो का?

पवनचक्क्या आणि उच्चदाबाच्या वीजवाहिन्या मोठ्या पक्ष्यांसाठी धोकादायक ठरतात. एकदा खांब उभे राहिले, की ते हलवणं अवघड. म्हणून २०२२ मध्ये ‘बर्डलाइफ इंटरनॅशनल’ने ‘अ‍ॅव्हिस्टेप’ नावाचा ऑनलाइन नकाशा खुला केला. पहिल्या टप्प्यातल्या चार देशांत भारत होता. या नकाशात देशाचे चौकोन पाडले आहेत आणि कोणत्या चौकोनात पवन किंवा सौर प्रकल्प पक्ष्यांसाठी किती संवेदनशील ठरेल, हे रंगांतून दाखवलं आहे. हरित ऊर्जा हवीच, फक्त ती पक्ष्यांच्या वाटेवर नको, हा त्यामागचा हेतू.

अमेरिकेत ‘बर्डकास्ट’ हा प्रकल्प हवामान रडारच्या जाळ्यावरून आज रात्री किती पक्षी उडणार, याचा अंदाज देतो. पावसाच्या अंदाजासारखाच हा पक्ष्यांचा अंदाज. रात्री उडणारे पक्षी उंच इमारतींच्या झगमगाटाने भरकटतात आणि काचांवर आपटतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागोत एकाच इमारतीपाशी एका रात्रीत जवळपास हजार पक्षी मेले होते. ज्या रात्री मोठे थवे येणार, त्या रात्री दिवे मालवण्याचं आवाहन आता तिथली काही शहरं करतात. वर्षभर अंधार नको, मोजक्या रात्री पुरतात.

नकाशा फसवू शकतो का?

हो, आणि ही बाजू माहीत असणं तितकंच महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट, नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ पक्षी नाही असा होत नाही. पक्षी निरीक्षक बहुधा शहरांजवळ, रस्त्यालगत आणि सुट्टीच्या दिवशी फिरतात. त्यामुळे पुण्या-मुंबईभोवती नोंदींची दाटी दिसते, तर दुर्गम तालुके कोरे राहतात. तज्ज्ञ हे गणितात धरतात, पण एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात ‘इथे पक्ष्यांच्या नोंदी नाहीत’ असं वाक्य आलं, तर तिथे कुणी पाहायला गेलं होतं का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरी गोष्ट, टॅग महाग असतात आणि थोड्याच पक्ष्यांवर लागतात. सहा फ्लेमिंगोंची वाट म्हणजे सगळ्या फ्लेमिंगोंची वाट नव्हे. शिवाय टॅग लावण्यासाठी पक्षी पकडावा लागतो आणि त्याला त्रास होतो. म्हणून हे काम परवानगी घेऊन, प्रशिक्षित लोकांनीच करायचं असतं.

तिसरा धोका सुरक्षेचा. दुर्मीळ पक्षी नेमका कुठे आहे हे जगजाहीर झालं, तर शिकारी आणि अतिउत्साही छायाचित्रकार दोघंही तिथे पोहोचतात. त्यामुळे ई-बर्डवर संवेदनशील प्रजातींच्या अचूक जागा सर्वांना दाखवल्या जात नाहीत.

आणि शेवटची गोष्ट, नकाशा स्वतः काहीच करत नाही. अर्जेंटिनात औषध सरकारने थांबवलं, पांगतीत जाळी गावाने उतरवली, कॅलिफोर्नियात पाणी शेतकऱ्याने धरून ठेवलं. नकाशाने त्या त्या जागी निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला कुठे आणि कधी हे सांगितलं. जिथे असा माणूस किंवा यंत्रणा नसते, तिथे उत्तम नकाशाही फायलीतच राहतो.

भारतासाठी हे का महत्त्वाचं?

सैबेरिया आणि मध्य आशियातून हिमालय ओलांडून भारताकडे येणाऱ्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. ही वाट ३० देशांवरून जाते आणि किमान १८२ प्रजातींचे पाणपक्षी ती वापरतात. भारत या वाटेवरचा फार मोठा हिवाळी मुक्काम आहे. स्थलांतरित प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला झाली, तेव्हाही हा मार्ग चर्चेत होता.

२०२३ मध्ये आलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा होता. तो ३० हजारांहून अधिक पक्षी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला होता. त्यात लांब पल्ल्याचं स्थलांतर करणारे पक्षी, विशेषतः किनारी पक्षी, इतरांपेक्षा जास्त घटल्याचं दिसलं. एवढा मोठा आढावा कोणत्याही सरकारी खात्याला एकट्याने घेता आला नसता. तो सामान्य माणसांच्या मोबाइलमधून तयार झाला.

सामान्य माणूस यात काय करू शकतो?

- ई-बर्ड मोफत आहे. घराजवळच्या तळ्यावर १५ मिनिटं थांबून दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी नोंदवली, तरी ती उपयोगी पडते. दुर्मीळ पक्षीच हवा असं नाही. कावळे-साळुंक्याही लिहायच्या.
- एकाच जागी वर्षभर पुन्हा पुन्हा केलेल्या नोंदी एकदाच केलेल्या मोठ्या सहलीपेक्षा मोलाच्या. पक्षी कधी येतात आणि कधी जातात, हे त्यातूनच कळतं.
- पक्ष्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर तिचा रंग आणि अक्षरं टिपून फोटोसह बीएनएचएसला कळवावं.
- घरटं किंवा दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकताना लोकेशन बंद ठेवावं.
- आपल्या भागातली पाणथळ जागा आराखड्यात काय म्हणून दाखवली आहे, ते पाहावं. विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा त्या जागेच्या नोंदींची यादी हा भक्कम पुरावा ठरतो.

स्थलांतरित पक्ष्याला वर्षातले काही आठवडे, काही ठरावीक जागा आणि वाटेत कुणी जाळं लावणार नाही एवढी हमी लागते. तो कोणत्या जागी आणि कोणत्या आठवड्यात असतो, हे आता मोबाइलच्या पडद्यावर दिसतं. त्यामुळे ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण पुढे करणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे.